उतरता काठ: फाल्गुन-चैत्रातल्या फेरीच्या नोंदी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं एक मध्यम तळं. आपण तळं म्हणतो, शेजारच्या गावात केरे. उतरतं पाणी, पक्षी आणि रोपं टिपायला पूर्वेच्या काठाने दीड किलोमीटरची फेरी, दर रविवारी एकदा, 1 मार्चपासून 12 एप्रिलपर्यंत सात वेळा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि एप्रिलच्या मध्याला सव्वासहाच्या आसपास, म्हणून सुरुवात कायम उजेड फुटताना. पूर्वेचा काठ घेण्याचं कारण साधं आहे: सकाळचं ऊन पाठीवर राहतं आणि पाण्यावरचे पक्षी पूर्ण उजेडात दिसतात. उलट्या बाजूने गेलात तर चकाकणाऱ्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या मोजाव्या लागतात, आणि तुतवार कुठली नि छोटा कंठेरी चिखल्या कुठला, हे ठरत नाही.

सुरुवातीची चूक आधी सांगायला हवी, कारण नव्याने नोंदी ठेवणारे जवळपास सगळे तीच करतात. पाण्याच्या कडेकडेने चालायचं, दिसेल ते लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याशी ताडून पाहायचं. पण पाण्याची कड मागच्या आठवड्यात जिथे होती तिथे आज नाहीच. "कडेपासून पाच मीटरवर" असं लिहिलेली जागा सात दिवसांनी वेगळीच असते. आपल्याकडचं पाणी श्रावण-भाद्रपदात काठोकाठ आणि वैशाखात तळाला, म्हणजे वसंत हा काठ उतरण्याचा काळ. आल्प्सच्या पायथ्याच्या बोडनझे सरोवरात याच्या बरोबर उलट घडतं: हिवाळ्याच्या शेवटी पाणी सर्वांत कमी, मग बर्फ वितळू लागलं की चढत जातं आणि जून-जुलैत सर्वांत वर. तिथल्या खडीच्या काठावर एक छोटी निळ्या फुलांची वनस्पती एप्रिल-मेमध्ये, पाणी अंगावर येण्याआधी, फुलून घेते. तिकडे वसंतात काठ अरुंद होत जातो, इकडे रुंद. म्हणून तिकडच्या काठाच्या फेऱ्यांची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे मोजमाप पाण्यापासून धरायचं नाही, पक्क्या खुणेपासून धरायचं.

पक्की खूण कुठली, तर तळं पूर्ण भरल्यावरची रेषा. ती शोधायला उपकरण लागत नाही. बेशरमीची रांग आणि तिच्या बुंध्याशी अडकलेला काटक्या, करवंट्या, थर्माकोलचा कचरा ही ती रेषा. सांडव्याचा माथा (कानडी शेजाऱ्यांची कोडी) त्याच पातळीला असतो, त्याच्याशी एकदा ताडून घ्यावं. या रेषेवर दोन ठिकाणी जांभ्याचे जड दगड अर्धे पुरून त्यांवर ऑइल पेंटचा पट्टा मारला: एक मुरमाच्या उतारावर, एक ओढा तळ्याला मिळतो तिथल्या गाळाच्या सपाटीवर. आधी 12 मिलिमीटरच्या सळईचे तुकडे ठोकले होते, ते दोन आठवडेही टिकले नाहीत. भंगाराला किंमत आहे, त्यामुळे लोखंड काठावर राहत नाही. बांबूच्या खुंट्या गुरं अंग घासून पाडतात. दगडाला कुणी हात लावत नाही.

आठवड्याची कड दाखवायला मात्र खुंटी लागतेच. बाभळीची, वीतभर जमिनीवर आणि हातभर आत, वर तारखेचा आकडा कोरलेला. गेली तर टेपचं वाचन वहीत असतंच.

पाणी किती सेंटिमीटर उतरलं हे मोजण्यासाठी सर्वांत चांगलं साधन गवंड्याकडचं: पारदर्शक लेव्हल पाइप. दहा मीटर पाइप, दोन काठ्या आणि त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा. एक काठी दगडाशी, दुसरी उताराच्या खाली. दोन्हीकडच्या पाण्याच्या वाचनातला फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतला फरक. उतार लांब असेल तर टप्प्याटप्प्याने उतरायचं आणि फरक बेरजेत धरायचा. इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर दोन-तीन सेंटिमीटरची चूक सहज येते, म्हणून पाणी भरताना पाइप एका टोकाकडून हळूहळू उचलत न्यावा आणि भरल्यावर उजेडात धरून शेवटपर्यंत पाहावा. दुसरं, वाचताना दोन्ही टोकं उघडी हवीत. एकाने अंगठा लावून ठेवला की पाणी खोटं बोलतं. तिसरं, अर्धा पाइप उन्हात आणि अर्धा सावलीत नको. वारा सुटायच्या आत हे काम उरकावं. नऊनंतर पश्चिमेचा वारा लहरी उठवतो आणि कड नेमकी कुठे, यावरच दोघांत वाद होतो. तेव्हा तीन वाचनं घेऊन मधलं धरावं.

1 मार्चला दोन्ही दगडांपासून पाणी दीड मीटर खाली होतं. मुरमाच्या बाजूला ते अंतर टेपवर 30 मीटर, म्हणजे उतार 1:20. ओढ्याच्या तोंडाशी 90 मीटर, म्हणजे 1:60. या दोन आकड्यांवर पुढचं सगळं उभं आहे. पाणी 1 सेंटिमीटर उतरलं की मुरमाच्या बाजूला 20 सेंटिमीटर काठ उघडा पडतो आणि गाळाच्या बाजूला 60. सहा आठवड्यांत पाणी दर आठवड्याला उतरलं ते असं: 6, 7, 9, 11, 8, 5 सेंटिमीटर. एकूण 46. म्हणजे एकीकडे नऊ मीटर जमीन वर आली, दुसरीकडे जवळपास अठ्ठावीस.

चौथ्या आठवड्यातले 11 सेंटिमीटर पाहून आधी मोजण्यातली चूक वाटली. तशी ती नव्हती. या दिवसांत उघड्या पाण्यावरून बाष्पीभवनाने दिवसाला साधारण 5 ते 8 मिलिमीटर पाणी जातं, म्हणजे आठवड्याला साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटर. उरलेलं पाणी मोटारींनी उचललेलं किंवा बांधातून झिरपलेलं. त्या आठवड्यात काठावरच्या उसाला आणि उन्हाळी भाजीला एकदम पाणी सुरू होतं. शेवटच्या आठवड्यात वळवाची एक सर झाली, सुमारे 20 मिलिमीटर. तळ्यात भर पडली ती तेवढीच, 2 सेंटिमीटर. आसपासची तापलेली जमीन पहिला वळीव पिऊनच टाकते, ओढ्याला थेंब येत नाही. म्हणून "पाऊस झाला, पाणी वाढलं असेल" असं न मोजता लिहू नये. बाष्पीभवन स्वतः मोजायचं असेल तर पाण्याने भरलेला टब जमिनीत अर्धा पुरावा. उघड्यावर ठेवलेला टब कडेने तापतो आणि तळ्यापेक्षा बराच जास्त सुकतो. वर जाळी हवीच, नाहीतर शेळ्या नि कावळे मिळून तुमचं बाष्पीभवन दुप्पट करतील.

आता पक्षी. पूर्ण फेरीत पाच थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं, 8×42 दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे एकदाच. चालताना दिसलेले पक्षी वेगळ्या रकान्यात. हा नियम कंटाळवाणा आहे पण मोडू नका. पुढे उडून बसलेली तीच तुतवार पुढच्या थांब्यावर पुन्हा मोजली जाते, आणि एका पक्ष्याचे तीन होतात.

सातही फेऱ्यांत चिखलात चरणारे पक्षी मुरमाच्या बाजूला एखाद-दुसरा आणि ओढ्याच्या तोंडाशी डझनाने. याचं उत्तर उतारातच आहे. हे पक्षी चोच रुतेल एवढ्या ओल्या पट्ट्यात चरतात. कडेपासून दहा सेंटिमीटर उंचीपर्यंतचा गाळ ओला धरला तर 1:20 वर तो पट्टा दोन मीटरचा, 1:60 वर सहा मीटरचा. त्यात मुरूम पाणी लगेच सोडतो आणि गाळ धरून ठेवतो. ज्यांना एकाच सकाळी जास्तीत जास्त जाती पाहायच्या आहेत त्यांनी आधी ओढा कुठून मिळतो ते शोधावं. पिवळे धोबी एप्रिलमध्ये गडद पिवळे होऊन जाण्याच्या तयारीत असतात, तेही इथेच. हळदी-कुंकू बदकं, टिबुकल्या आणि पाणकावळे मात्र बांधाकडच्या खोल पाण्यावर.

वनस्पतींची नोंद खुंट्यांमुळे एकदम सोपी झाली. प्रत्येक खुंटीची तारीख म्हणजे तिथली जमीन पाण्याबाहेर किती दिवस आहे याचा आकडा. पाण्याबाहेर येऊन आठवडा झालेल्या पट्ट्यात हिरवट शेवाळाची पापडी, दोन-तीन आठवडे झालेल्यात रोपं, त्याच्या वरच्या बाजूला जलपिंपळीची जाळी आणि माशीपत्री, आणि भरलेल्या पाण्याच्या रेषेजवळ गोखरू. गाळावर नीट वाकून पाहिलं तर रोपं सारखी पसरलेली नसतात. म्हैस पाणी प्यायला आली त्या वाटेवर खुरांचे दुपाकळी ठसे, चार बोटं खोल. वरचा गाळ सुकून भेगाळलेला, पण ठशाच्या तळाशी अजून ओल, आणि तिथेच सात-आठ इवली रोपं, प्रत्येकी दोन पानांची. ठशांच्या मधल्या जागेत एकही नाही. म्हणून रोपं मोजायची चौकट (50 सेंटिमीटर बाजूची) गुरांच्या वाटेवर पडली की नाही हे लिहायलाच हवं, नाहीतर आकडे दिशाभूल करतात.

वरच्या बाजूची झाडं थोडक्यात: कुसुंबाची तांबडी पालवी मार्चमध्ये, करवंदीचा वास सगळ्या फेरीभर, जांभळाला मोहोर, काटेसावरीची बोंडं एप्रिलमध्ये फुटू लागलेली.

सुकलेल्या गाळावर चालण्याआधी काठीने दाबून पाहा. वर दोन-तीन सेंटिमीटरची कडक पापडी आणि खाली लोण्यासारखा गाळ, असं सर्रास असतं. काठी वीतभर सहज गेली तर तिथे पाय टाकू नये. गमबूट अशा जागी उलट त्रास देतो: गाळ त्याला धरून ठेवतो आणि पाय तेवढा सुटून येतो. जाड तळव्याचे कॅनव्हासचे बूट बरे. चपला नकोत, बाभळीचे काटे आहेत.

पाडव्यानंतरच्या फेरीपासून एक वाट बदलली, टिटवीमुळे. उघड्या मुरमावर नुसता खळगा, भोवती बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या, आत चार मातकट ठिपक्यांची अंडी, टोकं आतल्या बाजूला. दोन पावलांवरूनही ती खड्यांत मिसळून जातात. उबवायला सुमारे चार आठवडे लागतात आणि या उन्हात खरं काम अंडी गार ठेवण्याचं असतं. पक्षी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन बसतो. तो ओरडत डोक्यावर घिरट्या घालतो तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी असतात. त्यामुळे ओरडा सुरू झाला की थांबून पाहत बसू नये, आल्या वाटेने मागे फिरावं. जागेचा फोटो आणि ठिकाण कुठेही टाकू नये. खुंटीही तिथे नको, कुत्री नि कावळे खूण ओळखतात.

हीच पद्धत राकसकोप किंवा हिडकल धरणावर करायची असेल तर लेव्हल पाइपची गरज नाही. राकसकोपची पातळी वर्तमानपत्रात फुटांत येते (पूर्ण भरल्यावर 2475 फूट), हिडकलची पूर्ण पातळी 2175. फूट गुणिले 30.48 केलं की सेंटिमीटर. राकसकोप शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, तेव्हा तिथे आधी विचारूनच काठावर उतरावं. मोठ्या धरणांत आणखी एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी: मधली बेटं कोणत्या पातळीला काठाला जोडली जातात. नदी सुरय अशा बेटांवर अंडी घालतात, आणि जमीन जोडली गेली की कुत्र्यांना वाट मोकळी होते.

आपल्या तळ्यात आठवी खुंटी 19 एप्रिलला. ओढ्याच्या तोंडाशी टेप पुन्हा पुन्हा लावावा लागतोय, तिथे 30 ऐवजी 50 मीटरचा न्यायचा आहे, आणि टिटवीच्या बाजूचं वाचन पलीकडच्या बांधावरून दुर्बिणीने खुंटीवरच्या पट्ट्यांवर घ्यायचं आहे. पट्टे 5 सेंटिमीटरचे, एक पांढरा एक तांबडा, रंग वाळायला दोन दिवस द्या.