उंदराला कुठं आलेत स्तन?

लग्नात, बारशात कुणी ना कुणी विचारतंच. परवा मावशीनंही विचारलं, "तू उंदरांच्या स्तनांवर काम करतेस म्हणे. उंदराला कुठं आलेत गं स्तन?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

आहेत की! उंदराच्या मादीला पाच जोड्या असतात: तीन छातीशी, दोन पोटाखाली. नराला मात्र स्तनाग्रंही नसतात. गर्भात असतानाच त्याचं टेस्टोस्टेरॉन स्तनांचा अंकुर खुंटवून टाकतं.

उंदीरच का, तर या ग्रंथीचं बरंचसं बांधकाम जन्मानंतर होतं आणि ते अख्खं एका काचेवर मावतं. चौथी, म्हणजे पोटाखालची, ग्रंथी काढायची, स्लाइडवर पसरायची, कार्माइन या लाल रंगात रात्रभर रंगवायची आणि शेवटी झायलीन या द्रावकात ठेवायची. चरबी काचेसारखी पारदर्शक होते आणि उरतं दूधनलिकांचं लालसर, निष्पर्ण झाड. मध्ये मोहरीएवढी लसिकाग्रंथी, ती आमची खूण. तीन आठवड्यांच्या पिल्लात नलिका स्तनाग्रापाशीच घुटमळत असतात. पाचव्या आठवड्यात प्रत्येक फांदीच्या टोकाला गदा दिसते, अगदी मारुतीच्या हातातली. ही गदा चरबीत वाट काढत पुढे सरकते.

ती चालवतं इस्ट्रोजेन, अंडाशयातून येणारं संप्रेरक. अंडाशय काढले की गदा विरतात. मग एकाच ग्रंथीत इस्ट्रोजेनची बारीकशी गोळी ठेवली, तर तिच्या आसपास त्या परत उगवतात. मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. ज्या पेशीला इस्ट्रोजेन 'ऐकू येतं', ती स्वतः सहसा विभागतच नाही! ती अँफिरेग्युलिन नावाचं प्रथिन सोडते, ते भोवतालच्या ऊतीला जागं करतं आणि वाढतात शेजारच्या पेशी. लग्नघरासारखंच: निरोप एकाला, धावपळ दुसऱ्याची.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक आडव्या फांद्या फोडतं, प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या मदतीनं दुधाच्या पिशव्या भरगच्च होतात. पिल्लांचं दूध तोडलं की दोनेक दिवसांतच त्या पिशव्यांच्या पेशी मरू लागतात आणि काही आठवड्यांत झाड पुन्हा निष्पर्ण.

जवळजवळ निष्पर्ण. एकदा माझ्या स्लाइडवरचं लेबल पुसलं गेलं आणि मी व्यालेल्या मादीची ग्रंथी न व्यालेलीची समजून मोजत बसले. शेजारच्या सीनियरनं सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हटलं, "आडव्या फांद्या बघ की." तीन दिवसांची मोजणी पाण्यात!