तात्यांचा अंगठा गालावर

मी फिजिओथेरपिस्ट, तालुक्याच्या गावाला. हात गमावलेले लोक येतात त्यात कडबाकुट्टीवाले बरेच असतात, तात्या त्यातलेच. डावा हात कोपराच्या खाली गेलेला, जखम मस्त भरलेली, पण तक्रार काय तर "म्याडम, नसलेल्या हाताची मूठ आवळलीय, नखं तळव्यात रुततात, रात रात झोप न्हाई." आधी एके ठिकाणी मनाचे खेळ म्हणून झोपेच्या गोळ्या देऊन पाठवलेलं आणि घरचे तर देवऋष्याकडे न्यायच्या बेतात.

जाता जाता ते सहज बोलले की दाढी करताना वस्तरा अंगठ्याला लागतो. कुठल्या अंगठ्याला? तर गेलेल्या! मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा डाव्या गालावर टेकवला. "अंगठा." वरच्या ओठावर टेकवला, "त्याच्या शेजारचं बोट." हनुवटीवर, "करंगळी." माझ्या अंगावर सर्रकन काटा, कारण हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं. मेंदूत शरीराचा एक नकाशाच असतो आणि त्यात हाताच्या शेजारी चेहरा, हाताकडून निरोप यायचे बंद झाले की शेजारचा चेहरा त्या रिकाम्या जागेत घुसतो असं पुस्तकात म्हटलेलं, बांध कोरल्यासारखा. (तात्यांना हे एका झटक्यात कळलं, भावकीचा अनुभव.)

रामचंद्रन नावाच्या आपल्या तमिळ डॉक्टरांनी अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर साधा आरसा वापरला होता. आमच्याकडे कुठला मिरर बॉक्स, बाजारातनं आरसा आणला आणि साड्यांच्या खोक्याला सेलोटेपनं चिकटवला. थोटा हात आरशामागे, उजवा पुढे, बघायचं फक्त आरशात, म्हणजे गेलेला हातच जागेवर असल्यासारखा दिसतो. म्हटलं दोन्ही मुठी आवळा, आता हळूहळू सोडा. तात्या बघतायत, बघतायत, आणि एकदम गप्प. मग घाम पुसत म्हणाले, "सुटली की ओ." बायको बाजूला तोंडाला पदर लावून उभी.

रात्री मूठ परत आवळली म्हणून दुसऱ्या दिवशी फोन आलाच, एका दिवसात होणार नव्हतंच, आणि सगळ्यांना याचा गुण येतो असंही नाही. रोज पंधरा मिनिटं करा म्हटलं तर घरी कपाटाचाच आरसा काढला, काकू अजून चिडून आहेत, टिकली अंदाजानं लावावी लागते.

आता तीन महिन्यांनी मूठ उघडीच राहते, झोप लागते. दाढी करताना अंगठा मात्र अजून गालावरच आहे. तोही जातो का बघू म्हटलं, तर तात्या म्हणाले, "तेवढा ऱ्हाऊ द्या."