अडकली की आधी हात आवरायचा

आज मासे कमी आणि बुडालेली लाकडंच जास्त लागली. तरी बॉक्समध्ये एक सोडून सगळ्या लूर, म्हणजे माशाला भुलवायची नकली आमिषं, परत आल्या, आणि जी गेली तिच्या हुकला तशीही धार उरली नव्हती, त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

मला आता पक्कं वाटायला लागलंय, लूर अडकल्यामुळे जात नाही, अडकल्यावर आपण जो पहिला हिसका मारतो ना त्याने जाते. लाकडात हुकचं टोक नुसतं टेकलेलं असतं, आपण रॉड वाकवून ते बार्बपर्यंत, म्हणजे टोकाजवळच्या उलट्या काट्यापर्यंत, आत ठोकतो आणि वर म्हणतो फसली बुवा. म्हणून अडकल्यासारखं वाटलं की मी आधी लाइन सैल सोडतो. तरंगणारी क्रँकबेट (माशाच्या आकाराची, तोंडापुढे बिल नावाची पट्टी असलेली लूर) असेल तर बऱ्याचदा तेवढंच पुरतं, तिचं पुढचं बिल आधी दगडाला धडकतं आणि ओढ थांबली की ती आपोआप मागे सरकत वर येते. नाहीच आली तर रॉडचं टोक हलकेच थरथरवायचं, ओढायचं नाही.

दुपारी एक अशी बसली होती की हलेचना. मग रॉड उंच धरला, लाइन ताठ केली, रील आणि पहिल्या रिंगच्या मधली लाइन चिमटीत धरून धनुष्याच्या दोरीसारखी बाजूला ताणली आणि पटकन सोडली. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा टुक् करून हाताला जाणवलं आणि लाइन मोकळी. गंमत ताणण्यात नाही, सोडल्यावर जो झोल येतो त्यात आहे, लूर आत गेली त्याच वाटेने उलटी निघते. तेही जमलं नाही तर चालत पलीकडच्या बाजूला जायचं आणि तिकडून ओढायचं. वाहतं पाणी असेल तर भरपूर लाइन सोडायची, प्रवाह ती लूरच्या पुढे, वाहत्या दिशेला घेऊन जातो आणि मग ओढ उलट्या बाजूने बसते.

अडकूच नये म्हणून वीडलेस, म्हणजे टोक झाकलेला हुक, आहेच, टेक्सास रिग नावाच्या मांडणीत टोक सॉफ्ट प्लास्टिकच्या लूरच्या आत लपतं. ट्रेबल (तीन टोकांचे हुक) काढून सिंगल हुक लावले तरी बराच फरक पडतो. पण "अडचणीच्या जागी टाकूच नकोस" हा सल्ला मला कधी पटला नाही, मासा तिथेच तर बसतो!

शेवटचा उपाय तोडणं. रॉड वाकवायचा नाही, टोक सरळ लूरकडे करायचं, स्पूल (रीलचा लाइन गुंडाळलेला भाग) दाबून धरायचा, तोंड फिरवायचं आणि मागे मागे चालत जायचं. ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाइन असेल तर ती हाताला कधीच गुंडाळायची नाही, कापते, काठीला गुंडाळावी. आणि चष्मा हवाच, सुटलेली लूर सरळ तोंडावर येते. बारीक तारेचा हुक असेल तर कधी कधी तो सरळ होऊन सुटतो, पक्कडीने परत वाकवता येतो पण मग त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. मेन लाइनपेक्षा लीडर (लूरला जोडलेला लाइनचा शेवटचा तुकडा) कमी ताकदीचा ठेवला की तुटतं ते लूरजवळ, पाण्यात लांबच लांब लाइन राहत नाही, पक्ष्यांच्या पायात अडकते ती.

सुटलेल्या लूरच्या वरची हातभर लाइन नखाने चाचपली तर खरखरीत लागली. तेवढी कापून गाठ नवीन मारली, तुकडा खिशात.