जहाजाला इंजिन असताना टग कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नौदलाच्या गोदीत टगवर, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीवर, नोकरी केली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "युद्धनौकेला स्वतःचं एवढं इंजिन असतं, मग तुमची ती टायर लटकवलेली बोट कशाला लागते?"

अहो, सुकाणूवरून पाणी जोरात वाहिलं तरच जहाज वळतं. धक्क्याजवळ वेग माणसाच्या चालीवर येतो, सुकाणू जवळपास निकामी होतं आणि वारा उंच बाजूवर आदळून जहाजाला भलतीकडे नेऊ लागतो. भर समुद्रात तीस नॉटनं पळणारी विनाशिका इथे चार हात आडवी सरकायला अडते. दुरुस्तीला निघालेल्या जहाजाची तर इंजिनंच बंद; सगळा भार आमच्यावर.

टगचं बळ टनांत मोजतात. किनाऱ्यावरच्या बोलार्डला, म्हणजे जहाज बांधायच्या जाड खुंटाला, दोर बांधून टग पूर्ण जोरात ओढते आणि दोरावर किती ताण आला ते पाहतात. पण नुसत्या बळानं भागत नाही. नव्या टगच्या पाण्याखालच्या पंख्यांचं तोंड ३६० अंशांत कुठेही वळवता येतं, त्यामुळे ती हवी त्या दिशेला जाते. मी शिकलो ती जुनी, एका पंख्याची. ती मागे घेताना कुठे जाईल हे तीच ठरवायची.

घाम काढला तो पाणबुडीनं. तिचं पोट गोल, पाण्याखाली बाहेर आलेलं. साधी टग टेकायला जावी तर वरचा फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी रबरी गादी, लागायच्या आत खालचा पत्रा भिडतो. अंगावर आवाज शोषणारं रबर असेल तर ओरखडाही चालत नाही. म्हणून त्या कामाच्या टगला पाण्याखालीही फेंडर लावतात.

आग लागली तरी हाक टगलाच. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात 'होगा' या अमेरिकी टगनं जळत्या 'ॲरिझोना' युद्धनौकेशेजारून 'व्हेस्टल' या दुरुस्ती-जहाजाला ओढून काढलं, मग आगीवर पाणी मारलं.

आम्हाला भीती दोराची. जहाज पुढे निघालं आणि दोर टगच्या आडव्या बाजूनं ताणला गेला, तर ती काही क्षणांत कलंडते. माझ्यावर ती वेळ एकदाच आली. डेकच्या कडेवरून पाणी आत आलं, तसा मी हुकाचा दांडा खेचला. दोर सटकला, टग सरळ झाली. आणि वरून जहाजावरचा खलाशी ओरडला, "दोर का सोडलास रे?"