आर्सच्या वाटेवर

फ्रान्समधल्या त्रेवू गावाचा चढ संपता संपता डाव्या टाचेचा फोड फुटला. सोन नदी मागे राहिली होती. ऑगस्टचं ऊन, दोन्हीकडे शेतं, सावलीला एक झाड नाही. भाची बरीच पुढे गेलेली. आदल्या दिवशी दार्दिलीला, संत जॉन मेरी व्हियानींच्या जन्मघरापाशी, दोघींनी रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू केली, तर तिसऱ्या रहस्यालाच, म्हणजे तिसऱ्या टप्प्यालाच, तिनं कानात इअरफोन घातले. "आत्या, तू म्हण ना, मी आहे." तेव्हापासून मी घुश्शातच होते. नमो मरिया ओठांवर आणि राग पोटात.

1818 च्या फेब्रुवारीत व्हियानी धर्मगुरू म्हणून पायीच आर्सला आले. 31 वर्षांचे, शेतकऱ्याच्या घरातले. लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून, धर्मगुरूंच्या शाळेतून, परत पाठवलं होतं त्यांना. पुढे 41 वर्षं त्या एवढ्याशा गावात राहिले, दिवसाचे सोळा-सोळा तास पापनिवेदनं ऐकत. आपण या कामाच्या लायकीचे नाही, असं वाटून पळूनही निघाले होते. 1853 मध्ये लोकांनी घंटा बडवून अडवलं. मला ते आवडतात ते या पळण्यामुळे.

एका अंगणात म्हातारी शेंगा सोलत बसली होती. माझं लंगडणं बघून उठली. "आर्स?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. तिनं खुर्ची दिली, घमेल्यात कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं. नको नको म्हणेपर्यंत गुडघे टेकून खाली बसलीसुद्धा. तिचे गुडघे वाजले, मला ऐकू आले. बोटाबोटांमधली माती तिनं अंगठ्यानं काढली, पाय मांडीवर घेऊन पुसला, फोडावर कापडाची घडी बांधली.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुवून घ्यायला बारा पुरुष बसायचे. भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीनं वसईहून दादरला जाणाऱ्या माझ्या आईच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती. मी महिन्यातून एकदा जायचे, खुर्चीवर बसायचे, निघायचे. तिच्या पायांना हात लावला नाही.

म्हातारीच्या अंगणात मी रडले. तिनं काही विचारलं नाही. शेंगा सोलू लागली.

भाची शोधत परत आली तेव्हा माझी सॅक तिनं आपल्या पोटावर अडकवली. राग कधी गेला, कळलं नाही.

गावाबाहेर, व्हियानींना धुक्यात आर्सची वाट दाखवणाऱ्या मेंढपाळ पोराचा आणि त्यांचा पुतळा. बासिलिकेत, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत संतांचा देह, चेहऱ्यावर मेणाचा मुखवटा. मी तिथे फार थांबले नाही.

पापनिवेदनाची रांग लांब होती. चार वर्षांनी उभी राहत होते. भाचीला म्हटलं, तू जेवून घे.

"थांबते," ती म्हणाली, आणि माळ मागून घेतली.