कंदिलाची वात

आमच्या घरात आजोबांच्या मरणाची गोष्ट कंदिलापासून सुरू व्हायची. १९५७ साल, पाऊस सरत आलेला. गोव्यातल्या पेडण्याच्या आमच्या वाड्यावर ते पहाटे विहिरीत सापडले. काठावर कंदील, काच शाबूत, वात विझवलेली. आजी म्हणायची, "पडणारा माणूस कंदील विझवून पडतो काय?" शिवाय गळ्यावर वळ होता. पुढचं ती बोलायची नाही, नुसती धाकट्या आजोबांच्या घराकडची खिडकी लावून घ्यायची. त्या घराशी चवथीचं जेवण तुटलं ते तुटलंच. कुळागरासाठी, म्हणजे पोफळीच्या बागेसाठी भावाने मारलं, हे आम्हा नातवंडांना न सांगताच कळत गेलं.

गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले आणि या प्रकरणाच्या मागे लागले. आधी मृत्यूची नोंद मिळवली. पोर्तुगीजमधली. ओळखीच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी वाचली: 'आफोगामेंतु', म्हणजे बुडून. वळाचा शब्द नाही. गावच्या रेजिदोराने, म्हणजे पोर्तुगीज सरकारच्या गावातल्या अधिकाऱ्याने, जे सांगितलं तेच उतरवून घेतलं असणार.

खरा मासा वाटणीपत्रात सापडला. दोघा भावांच्या वाटण्या आजोबांच्या हयातीतच नोटरीकडे झाल्या होत्या. कुळागर आजोबांच्या वाट्याला. आणि आपल्या गोव्यात तेव्हा १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा. लग्न झालं की अर्धी मालमत्ता बायकोची, नवऱ्याचा अर्धा हिस्सा त्याच्यामागे मुलांचा. आजोबांना तीन मुलं. वकील चष्मा पुसत म्हणाले, "बाई, भावाला त्यातलं एक पोफळसुद्धा मिळालं नसतं."

मग कोण? मी नवा तर्क बांधला. १९५५नंतर भारताने नाकेबंदी केलेली. गोव्यात बटाटे हॉलंडचे, तांदूळ पाकिस्तानचे, सिमेंट जपानचं. आणि आमच्या उत्तरेला तेरेखोलचं पाणी, रात्री त्यावरून घड्याळं नि सोनं पलीकडे. आजोबांनी काहीतरी नको ते पाहिलं असणार. विझवलेला कंदील यात फारच छान बसत होता. माझ्यावर मीच खूश.

हे सगळं घेऊन म्हापशाला आत्याकडे गेले. आजोबा गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. कुळीथ निवडता निवडता म्हणाली, "कंदील? तो मीच विझवला. उजाडलं होतं, रॉकेल फुकट जळत होतं ना!"

"आणि हे आजीला सांगितलं नाहीस?"

"ती रडत होती. मग तिने सगळ्यांना ते सांगायला सुरुवात केली. मग कसं सांगणार?"

साठाहून जास्त वर्षं! मी काही बोलले नाही. सूप तिने बाजूला ठेवलं.

"पण वळ होता हां. तो मी पाहिलाय."

वाटणीपत्राची झेरॉक्स धाकट्या आजोबांच्या नातवाला देऊन आले. पाकीट त्याने अजून फोडलेलं नाही, असं त्याची बायको सांगत होती.