हेवेल

चौतीस वर्षे मी विद्यापीठात मराठी साहित्य शिकवले आणि त्याच्या जोडीने हिब्रू व ग्रीक या बायबलच्या भाषाही शिकवल्या. हे दोन विषय एका माणसाकडे कसे, असे अनेकांनी विचारले. मला मात्र ते कधी दोन वाटलेच नाहीत.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा मराठी ओव्यांत सांगितली. त्याचे हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवी आणि बायबलमधली हिब्रू स्तोत्रसंहिता मी वर्गात शेजारी ठेवून वाचत असे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण त्यांना विसावा देतो. हिब्रू कवितेत ओळीचा दुसरा भाग पहिल्याचा अर्थ पुन्हा, पण थोडा पुढे नेऊन सांगतो. तिथे जणू अर्थालाच यमक असते. हे सांगताना दरवर्षी मला नव्याने आनंद होई.

पण सर्वाधिक तास मी एकाच शब्दावर घालवले असतील. बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकात ‘हेवेल’ हा शब्द ३८ वेळा येतो. मराठी बायबलमध्ये त्याला ‘व्यर्थ’ म्हटले आहे आणि आशयाच्या दृष्टीने ते चूक नाही. परंतु हेवेल म्हणजे मुळात वाफ, तोंडातून निघून विरणारा श्वास. ‘व्यर्थ’ हा निर्णय आहे, ‘वाफ’ हे दृश्य आहे, आणि कवीने दृश्य दिले असताना अनुवादकाने घाईने निर्णय देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून आलेली एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली, “सर, आमच्याकडे पहाटे डोंगरच दिसत नाही आणि नऊ वाजता धुके कुठे गेले तेही कळत नाही. ‘धुके’ का म्हणू नये?” त्या दिवशी पुढचा पाठ झाला नाही. बायबलच्या कथेत भाऊ काइनाने मारलेल्या हाबेलाचे नावही मुळात याच अक्षरांचे आहे, हे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता.

पुढे विद्यार्थी कमी म्हणून हिब्रूची अभ्यासपत्रिका बंद झाली. त्याचे दुःख अजून आहे. निवृत्तीनंतर फोंड्याच्या घरी, रविवारी सकाळी, तीन-चार जण येतात. ती विद्यार्थिनीही येते, आता स्वतः शिक्षिका आहे. सध्या आम्ही ‘उपदेशक’च्या पहिल्या अध्यायाच्या चौदाव्या वचनाशी थांबलो आहोत. ‘हेवेल’साठी ‘धुके’ सर्वांना मान्य झाले आहे, पण त्याच ओळीतला ‘रूआह’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. तिला तिथे ‘वारा’च हवा आहे, मला ‘श्वास’ सोडवत नाही.